मान्यताप्राप्त घोरणे

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी रात्री झोपत नाहीत आणि तासाला जागे राहत नाहीत, ही बाब प्राचार्यांच्या निदर्शनास आली तेव्हा ते स्वतः एका चर्चासत्रातून डोळे चोळत बाहेर पडत होते. तातडीने निद्रासुधार समिती नेमण्यात आली. शांत, सौम्य ध्वनी ऐकवल्यास गाढ झोप लागते, असे मानसशास्त्राच्या मॅडमनी सांगितले आणि वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर स्पीकर बसले.

पहिला मान खळाळत्या झऱ्याला मिळाला. झरा सुरू होताच विद्यार्थी आडवे झाले, थोड्याच वेळात उठले आणि स्वच्छतागृहासमोर रांग लागली. मग पाऊस लावला, तर पोरे गच्चीवरचे कपडे काढायला धावली. पाखरांचा किलबिलाट लावला, तर उजाडले समजून निम्म्या वसतिगृहाने दात घासले. 'ध्वनींना विद्यार्थ्यांचा सक्रिय प्रतिसाद लाभत आहे,' असे समितीने कळवले.

प्रतिसाद फारच सक्रिय झाल्याने झोपेला अंतर्गत गुण ठेवण्यात आले. मुलींच्या मजल्यावरची तपासणी वॉर्डनबाईंकडे आली. त्या बॅटरी घेऊन प्रत्येक खाटेपाशी जात आणि विचारत, "झोपलीस का गं?" 'हो' म्हणणारी नापास होई. उत्तर न देणारीवर असहकाराचा शेरा पडे. गुणांच्या काळजीने सगळ्यांची उरलीसुरली झोपही उडाली.

अपवाद एकाच मुलीचा. ती एका चावीवाल्याची मुलगी. घर दीड खोलीचे, त्यामुळे जन्मापासून वडिलांचे घोरणे उशाशी. वसतिगृहात आल्यावर सुरुवातीला ती नुसती छताकडे बघत पडून राही. शेवटी रडवेली होऊन तिने घरी फोन केला. "बाबा, इथे फार शांत आहे हो." वडिलांना काय ते कळले. तेव्हापासून ते रोज फोन लावून आपल्या उशीवर ठेवत आणि झोपी जात.

वॉर्डनबाईंनी तिला पकडले, कारण गदागदा हलवूनही ती उठली नाही.

"मान्यता नसलेल्या आवाजावर झोपतेस?" प्राचार्यांनी विचारले.

"सर, झरा ऐकला की नळ चालू राहिलाय असं वाटतं. बाबांचं घोरणं ऐकलं की घरी सगळं ठीक आहे असं वाटतं."

मॅडमना यात संशोधन दिसले. चावीवाल्यांना प्रात्यक्षिकासाठी पाचारण करण्यात आले. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. सभागृहात मध्यभागी खाट मांडली होती आणि भोवती समिती.

"घोरा," प्राचार्य म्हणाले.

"सगळ्यांसमोर? जरा अवघडल्यासारखं होतंय, साहेब."

मदत म्हणून झरा लावला, तर ते दोनदा बाहेर जाऊन आले. शेवटी, तेवढ्या वेळात उपक्रमाची पार्श्वभूमी विशद करावी म्हणून प्राचार्य उभे राहिले. दुसऱ्याच वाक्याला चावीवाल्यांचा जबडा सैल पडला आणि सभागृह घुमू लागले. मॅडम पेंगल्या, सदस्य एकमेकांवर लवंडले, प्राचार्य वाक्य अर्धवट टाकून टेबलावर डोके ठेवते झाले. हेच घोरणे वसतिगृहात लावण्याच्या ठरावाला विरोध करायला कुणी जागे नसल्याने तो बिनविरोध मंजूर धरण्यात आला.

चावीवाल्यांचे घोरणे रेकॉर्ड करून सर्व मजल्यांवरून प्रसारित झाले आणि वसतिगृह मेल्यासारखे झोपले. संकट आले ते सकाळी. विद्यार्थी तासाला जागे होते.

एकाने इतिहासाच्या सरांना सांगितले, "सर, हे पान तुम्ही काल पण वाचलंत." गणिताच्या सरांना उत्तर कसे आले ते दाखवावे लागले. आणि चावीवाल्याची मुलगी भर वर्गात उभी राहून म्हणाली, "सर, ग्रंथालयाला कायम कुलूप का असतं?"

"पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून."

"आणि आम्ही झालो तर?"

प्राध्यापकांच्या खोलीत हलकल्लोळ माजला. "अहो, टक लावून बघतात सगळी! अशात शिकवायचं कसं माणसानं?" प्राचार्यांनी चावीवाल्यांना पुन्हा बोलावून घेतले.

"तुमची मुलगी प्रश्न विचारते."

चावीवाल्यांनी मान खाली घातली. "घरी असं कधी करत नव्हती, साहेब."

घोरणे तत्काळ बंद झाले. विद्यार्थ्यांसाठी पुन्हा झरा सुरू करण्यात आला आणि वर्गावर्गांतून माना पूर्ववत डुलू लागल्या. घोरण्याचे रेकॉर्डिंग प्राध्यापकांच्या निवासस्थानी पाठवण्यात आले, कारण प्रश्नांच्या धसक्याने त्यांची झोप उडाली होती. चावीवाल्यांनी यापुढे फोन उशीवर ठेवू नये, अशी समजही त्यांना देण्यात आली.

त्या रात्री मुलीने घरी फोन केला. "बाबा, मी काय चुकीचं विचारलं? तुम्ही गप्प का बसलात?"

वडील म्हणाले, "उशीर झालाय. झोप आता."

त्यांनी फोन ठेवला. ती छताकडे बघत पडली. घरी चावीवालेही घोरले नाहीत.

ही हकीकत सांगितली की ऐकणारे पोट धरून हसतात. काय ते कॉलेज, काय ती समिती, म्हणतात. मग निघताना एकेक जण मला बाजूला घेतो आणि हळूच विचारतो, "ते झऱ्याचं रेकॉर्डिंग मिळेल का हो? आमचं कार्टं हल्ली फार 'का, का' करतं."

तुम्ही लाजू नका. घरात मुलं किती आहेत तेवढं सांगा.