कुरकुरणारी फळी

आमच्या शेजारचे तुळशीरामकाका कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजकडे जातात. खिशातून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढतात, टोक फ्रिजच्या पाठीला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावतात, अन् डोळे मिटून उभे राहतात. घरच्यांनी तोवर गप्प बसायचं. मग निकाल येतो. "चालते अजून. पण याच्या पोटात काईतरी ढिलं झालं." त्यानंतरच चहा.

काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. बस फाटकातून आत येतानाच ते नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचे, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगतात. निवृत्त होऊन ते इथे धाड गावी, आपल्या घरी आले, पण कान काही निवृत्त झाला नाही. बाजाराच्या दिवशी ते टरबुजांच्या ढिगाशी एकेक टरबूज ठोकत बसतात. बायका त्यांनी पास केलेलं टरबूजच उचलतात आणि टरबूजवाला कपाळाला हात लावतो. "डोया फसवते, मॅडम. कान नाई फसवत." मी इथल्या शाळेत शिकवते, म्हणून मी मॅडम.

कुरकुर मात्र त्यांना खपत नाही. कुणाचं दार, कुणाचा पाळणा, कुणाचा झोपाळा, जिथे कर्र झालं तिथे काका तेलाची डबी घेऊन हजर. बोलावणं लागत नाही. "कुरकुर म्हंजे वस्तूचं रडणं. ते रडून राह्यलं अन् तुम्ही काऊन आयकून राह्यले?"

एकदा मी शाळेतून आले तर आमचं फाटक मुकाट उघडलं. माझं डोकंच फिरलं. ते फाटक सासूबाईंनी ढकललं की लांब सूर लावायचं, दूधवाल्याला तुटक बोलायचं आणि आमच्या यांना नुसतं हुंकारायचं. मी तशीच काकांकडे गेले. "काका, कोण आलंय ते मला ओट्याशी उभ्या उभ्या कळायचं! आता दर वेळी गॅसवरचं दूध सोडून बघायला येऊ का?"

"फाटकाचं काम उघडाचं असते, सांगाचं नाई," असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं.

काकांच्या घरात हॉलमधूनच जिना वर जातो. एका बाजूला भिंत, दुसरी बाजू मोकळी. तिकडे आधाराला नुसता लोखंडी पाइप. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने हौसेने सगळ्या पायऱ्यांवर लाल कार्पेट चिकटवून दिलं होतं. काका त्यावर खूश होते. घोडा उतरला तरी कळणार नाही, असं कौतुकाने सांगायचे. द्वारकाकाकू हसून म्हणायच्या, "घोड्याचं ठीक हाये, पण मी वरतून हाका मारते तेबी यायले आयकू येत नाई." काकूंच्या हाका म्हणजे "अवो, आयकलं का?" नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच.

मग काकूंना लकवा झाला. पाय सुधारला, उजव्या हातात जोर आला नाही आणि बोलणं गेलं ते गेलंच. त्या खाली राहायला तयार नाहीत. वरच्या गॅलरीतून त्यांना रस्ता, बाजार, जीपवाल्यांची भांडणं असं सगळं दिसतं. पण मनात आलं की त्या एकट्याच खाली उतरतात. उतरताना मोकळी बाजू येते उजव्या हाताला, आणि त्या हाताने पाइप धरवत नाही.

एका दुपारी काका हॉलमध्ये जिन्याकडे पाठ करून कुणाच्या तरी मिक्सरला कान लावून बसले होते. मागे काकू शेवटच्या पायऱ्यांवरून घसरल्या. कार्पेटवर ना पाऊल वाजलं, ना त्यांना ओरडता आलं. काकांनी सहज मान वळवली तेव्हा त्या जमिनीवर बसलेल्या होत्या. लागलं नव्हतं फारसं. काका मात्र त्यानंतर बरेच दिवस कुणाच्या फ्रिजकडे गेले नाहीत.

मग त्यांनी रमजान मिस्त्रीला बोलावलं. कार्पेट निघालं, सागवानी फळ्या आल्या. फळ्यांची मोकळ्या बाजूची कड मिस्त्रीने दोन बोटांएवढी बाहेर ठेवून हात फिरेल अशी गोल घासली. मी कौतुकाने बघायला गेले तर तिथे वाद पेटलेला.

"वरून दुसरी फळी वाजली पायजे," काका म्हणत होते.

"काका, फळी वाजली तं मिस्त्रीची बदनामी होते! लोक इचारतील कोणी बसवली, तं काय सांगू?"

"सांग, तुळशीरामनं बिघडवली."

मिस्त्रीने नाइलाजाने स्क्रू ढिले केले. काका फळीवर उभे राहिले. "मुकी हाये. आणखी काढ." पुन्हा उभे राहिले. "हा उंदीर झाला बे. उंदीर नाई पायजे मले, मागच्या आंगणात आयकू आलं पायजे." मिस्त्री अल्लाची माफी मागत फळी उचकटत होता. मला हसू आवरेना. गावभर तेल घालत फिरणारा माणूस पदरचे पैसे देऊन कुरकुर बसवून घेत होता!

"काका, तेल आणू का?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. "तुमच्याच फाटकानं शिकवलं, मॅडम," म्हणाले आणि पुन्हा फळीवर उभे राहिले. माझं हसू तिथेच विरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर काका घासलेटच्या बोळ्याने आमच्या फाटकाच्या बिजागऱ्यांचं तेल पुसून काढत होते. संध्याकाळी सासूबाई आल्या आणि फाटकाने लांब सूर लावला.

आता काकू फळीवर आल्या की कर्र होतं. काका असतील तिथून उठतात, वर चढतात आणि मोकळ्या बाजूला उभे राहून त्यांच्यासोबत एकेक पायरी उतरतात. चारचौघांत काकूंच्या शेजारी न बसणारा हा माणूस त्यांचं कोपर धरून चालतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

परवा मी कुकर घेऊन गेले होते. काकांनी त्याला कान लावला होता, तेवढ्यात वरून कर्र झालं. मग पुन्हा कर्र, कर्र.

"काका, काकू उतरताहेत," मी घाईने म्हटलं.

"नाई. उतरते तवा एकडाव वाजते. हे बोलावणं हाये."

मी वर पाहिलं. काकू भिंतीला धरून उभ्या होत्या आणि चांगल्या पायाने फळी दाबत होत्या. त्या "अवो, आयकलं का" म्हणायच्या तेव्हा जसं तोंड करायच्या, तसंच तोंड केलं होतं.

"आलो वं, आलो," काकांनी कुकर बाजूला ठेवला.

"काय हवंय त्यांना?"

"काई नाई, मॅडम," चपला काढत काका म्हणाले. "मी हावो का नाई, ते पाह्यते."