अस्सल बरहुकूम नक्कल

प्रिय अनया आणि निखिल,

परवा अनया फोनवर सांगत होती, तिच्या ऑफिसातली बोलणी टेप होतात आणि ती ऐकून लिहून काढायचं काम बाहेरच्या एका माणसाला सालभराच्या करारावर दिलं आहे. काम असो नसो, महिन्याचे पैसे ठरलेले. बदल्यात त्यानं आधी यांचंच काम करायचं. "आजी, तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?" होतं. असल्याच करारात पुरता बुडालेला एक माणूस मी पाहिला आहे. माझा हात आता थरथरतो, म्हणून लांबणीवर न टाकता लिहिते.

रंगनाथराव आमच्याकडे चहा पीत नसत, कारण चहा करारात नव्हता.

निजामाच्या राज्यात माझे वडील, नाना, परभणीला वकील होते. तारखा जवळ आल्या की अर्ज आणि जबान्यांच्या नकलांचा ढीग पडे, आणि नेमका तेव्हाच नकलनवीस मिळत नसे. म्हणून नानांनी रंगनाथरावांना करारानं बांधून घेतलं. कागद त्यांच्या खोलीवर जायचे, नकला होऊन यायच्या. कराराचा मसुदा नानांचा, अक्षर रंगनाथरावांचं. चौथं कलम होतं, 'वकीलसाहेबांखेरीज अन्य कोणासाठी लिहिणार नाही.'

नानांच्या मनात गावातले दुसरे वकील होते. रंगनाथरावांनी त्यात सगळी दुनिया घातली. एकदा झरीच्या एका शेतकऱ्यानं त्यांना आमच्या ओट्यावर गाठलं.

"काका, पाव्हन्याला दोन ओळी लिवून द्या की."

"हात वकीलसाहेबांचा हाय. माझा न्हाई."

"मग जेवता कोणाच्या हातानं?"

"ह्याच. जेवायला कराराची आडकाठी न्हाई."

चहाला नाही ऐकून ऐकून आई वैतागली. शेवटी नानांनी कलम वाढवलं, 'दुपारी एक कप चहा.' त्यानंतर रंगनाथराव सुट्टीच्या दिवशीही चहाला येऊ लागले. एकदा तर अंगात ताप घेऊन आले. आई रागावली तर म्हणाले, "न्हाई आलो तर करार मोडतो, वैनी."

खोलीवर काम नसलं की सकाळी दहाला "बंदा हाजिर हाय" म्हणून ओट्यावर बसत आणि काहीतरी उतरवत राहत. एकदा मी मागून डोकावले. एकच पत्र त्यांनी चार वेळा उतरवलं होतं. 'बाबा, दूध उतरवताना हात भाजला होता, आता बरा आहे. पोरगी रांगायलीय. तुमचं पत्र कधी येईल?' प्रत्येकाखाली कोर्टाच्या रिवाजानं शेरा होता, 'अस्सल बरहुकूम नक्कल', म्हणजे मूळ कागदाप्रमाणे हुबेहूब प्रत, आणि सही.

पत्र यमूचं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी, पूर्णेला दिलेली. बायको कधीच गेली होती. यमूची सात पत्रं आली होती आणि एकाचंही उत्तर गेलं नव्हतं.

"काका, उत्तर का नाही लिहीत?"

"कलम चार, अक्का."

मी नानांना सांगितलं. नाना कपाळावर हात मारून बसले आणि त्याच दिवशी नवं कलम घातलं, 'दरमहा मुलीस एक पत्र लिहावे.' रंगनाथराव दिवसभर कोरा कागद समोर घेऊन बसले. चहाच्या वेळी मला हळूच म्हणाले, "अक्का, मसुदा द्या. तीस वर्षं दुसऱ्याचं उतरवायलोय. माझं काय लिवावं, सुचत न्हाई."

मी तेरा वर्षांची. शाळेतल्या निबंधासारखा मसुदा केला, 'पत्र पोहोचले, वाचून परमानंद झाला.' त्यांनी तो मोत्यासारख्या अक्षरात उतरवला. मी खोडलेला एक शब्दही तसाच लिहून तसाच खोडला. खाली शेरा मारला, सही केली.

नानांनी ते पाहिलं. "रंगनाथराव, बापानं मुलीला नक्कल पाठवायची?"

"अस्सल माझ्याकडं न्हाईच, साहेब."

लिफाफा त्यांनीच चिकटवला आणि टपालात टाकला.

पंधरवड्यानं तो परत आला. घराला कुलूप. निजामी संपायच्या आधीचे ते गडबडीचे दिवस होते, जिवाच्या भीतीनं कुटुंबंच्या कुटुंबं रातोरात निघून जात आणि कुठं ते शेजाऱ्यालाही सांगत नसत. रंगनाथराव दोनदा पूर्णेला जाऊन आले. दुसऱ्या वेळी विचारायलाही कोणी उरलं नव्हतं. परत आलेला लिफाफा त्यांनी नानांच्या दफ्तरात ठेवून दिला. "उघडायचं करारात न्हाई," एवढंच म्हणाले.

पुढं निजामी गेली, कोर्टातले उर्दू कागद कमी होत गेले आणि त्यांच्याजोगं काम उरलं नाही. नाना तरीही दर साली करार नवा करत. रंगनाथराव दहाला येत, "बंदा हाजिर हाय" म्हणत. समोरचा चहा निवून जाई. चार वर्षांनी तेही गेले. यमूचा ठाव कधीच लागला नाही.

गेल्या महिन्यात नानांचं कपाट आवरताना तो लिफाफा सापडला आणि मी उघडला. शेऱ्याच्या आणि सहीच्याही खाली, माझ्या मसुद्यात नसलेली एक ओळ होती.

'यमे, दूध उतरवताना फडकं घेत जा.'

करारनामे वाळवीनं खाल्ले. पत्र आहे. शाई अजून काळी आहे.