लेस्नित्सा ओढ्यावरचा आगामी पूल

देशाची प्रगती त्याने काय बांधले यावरून मोजू नये. काय बांधणार आहे यावरून मोजावी. बांधलेल्या गोष्टीला तडे जातात, गळती लागते, तिच्यावर कबुतरे बसतात. बांधावयाच्या गोष्टीवर आजवर एकही कबूतर बसल्याची नोंद नाही.

स्लोव्हेनियात हे तत्त्व सर्वांत आधी उमगले ते हिंको झाबुकोवेत्सला. ल्युब्ल्यानातल्या एका सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ‘बांधकामाचे आगामी चित्र’ नावाचा विभाग होता. हिंको त्याचा प्रमुख, उपप्रमुख आणि कर्मचारीवर्ग होता. (साप्ताहिक बैठकीस उपस्थिती नेहमी शंभर टक्के.) देश एवढासा की सकाळी आल्प्सवर घसरलेला माणूस दुपारी समुद्रकाठी प्लास्टर घालून बसू शकतो. पण आगामी चित्रात हाच देश अवाढव्य होता. दर माणशी सव्वा आगामी पूल, दर गाईमागे अर्धा आगामी बोगदा. प्रकल्पांचे वर्ग चार: नियोजित, नियोजनाच्या नियोजनात, गुंतवणुकीच्या प्रतीक्षेत, आणि प्रगतिपथावर. ‘पूर्ण’ असा वर्ग ठेवलेला नव्हता. पूर्ण झालेली गोष्ट आगामी कशी असेल?

एवढ्या भरभराटीत हिंकोला एकच ओळ टोचत असे. पान एक्केचाळीस, क्रमांक सतरा: झालेस गावचा पादचारी पूल, ओढा लेस्नित्सा.

सहा वर्षांपूर्वी पुराने तो पूल नेला. अलीकडच्या काठावर हिंकोची थोरली मावशी तेरेझिया राहायची, पलीकडच्या काठावर धाकटी मावशी रोझालिया. मध्ये वीस पावले पाणी. रस्त्याने गेले तर चौदा किलोमीटर. सहा वर्षे दोघी बहिणी काठावर उभ्या राहून ओरडून बोलत होत्या. (त्यामुळे झालेसमध्ये कुणाचेच काही गुपित उरले नव्हते.)

ऑक्टोबरात थोरलीचा फोन आला.

“हिंको, संत मार्टिनाच्या सणाला रोझी ऐंशीची होतेय. मी जाणार.”

“मी गाडी घेऊन येतो ना, मावशी.”

“गाडीनं? बहिणीकडं? घरातल्या सपाता घालून गेलेय मी सत्तर वर्षं. बूट चढवून गाडीतून उतरले तर तिला वाटेल, कोण ही पाहुणी! तू आपला पूल आण.”

“पूल चित्रात आहे, मावशी.”

“मग चित्र आण आणि टाक ओढ्यावर आडवं.”

हिंकोने फाईल उघडली. पुलाला किमान दोनशे वापरकर्ते लागत. झालेसची वस्ती त्रेसष्ट, त्यात दोघे जहाजावर नोकरीला. नियमावली चाळताना त्याला तळटीप सापडली: ‘प्रकल्पाची माहिती शेवटपर्यंत वाचून जो हरकत घेत नाही, तो वापरकर्ता समजावा.’ हिंकोचा अहवाल शेवटपर्यंत वाचणारे देशात अकराजण निघाले. एकूण चौऱ्याहत्तर. सह्या एकोणीस लागत, त्यातली एक पाणमांजरांच्या वतीने. आणि वर्षाअखेरीपर्यंत पूल ‘प्रगतिपथावर’ दिसला नाही तर तो चित्रातूनही जाणार होता.

प्रगतिपथाचा पुरावा म्हणजे लिकोफचे छायाचित्र. घराचे आढे चढले की सुतार त्याच्यावर छोटे स्प्रूसचे झाड ठोकतो आणि मालक सगळ्यांना जेवू घालतो, तो लिकोफ. आढे चढल्याशिवाय कोणीही शहाणा स्लोव्हेन सुतारांना फुकट सॉसेज घालत नाही, या विश्वासाने खात्याने पुरावा म्हणून लिकोफच मान्य केला होता. नियम होईपर्यंत हा विश्वास खरा होता. नियम झाल्यावर पहिल्याच वर्षी देशात एकशे बारा लिकोफ झाले आणि नऊ छपरे. (सॉसेजचा वाढलेला खप पायाभूत गुंतवणुकीत धरण्यात आला.)

तेव्हा हिंकोने मार्टिनाच्या दिवशी लेस्नित्साच्या काठावर लिकोफ ठरवला. पूल पुढच्या वर्षी बघू, निदान ओळ तरी वाचेल. झाड ठोकायला त्याने गाश्पर मिस्त्रीला बोलावले.

“कशावर ठोकू?” गाश्परने विचारले.

“एखादा खांब पुरून...”

“खांबावर? झेंडावंदन आहे काय साहेब? झाड आढ्यावरच बसतं. माझ्या बापानं कोंबड्यांच्या खुराड्यावरसुद्धा आढं चढल्याबिगर झाड नाही ठोकलं.”

“मग तात्पुरतं एक आढं उभारू.”

“पुलाचं आढं म्हणजे ओढ्यावर आडवंच पाहिजे.”

हे तर्काला धरून होते. म्हणून दोन जाड तुळया पाण्यावर आडव्या पडल्या. झाड बरोबर मध्यभागी हवे, तर गाश्पर उभा कुठे राहणार? म्हणून फळ्या पडल्या. समारंभात कोणी पाण्यात पडू नये, म्हणून कठडा आला. अकरा शेजारी आपापल्या करवती घेऊन आले, कुणालाही बोलावलेले नसताना, कारण शेजारी लाकूड कापतोय आणि आपण घरात बसलोय हे त्या गावात शोभत नाही. सहा तास लागले. परवानगीचा प्रश्न गाश्परनेच सोडवला. गवत वाळवायच्या लाकडी मांडवाला परवाना लागत नाही. नुसती नोंद लागते. नोंदीच्या अर्जात हिंकोने लिहिले: ‘गवताचा मांडव, आडवा.’ पाण्यावर का, या रकान्यात लिहिले: ‘वारा चांगला लागतो.’ पुराव्यादाखल मांडवावर गवताचा भारा ठेवला. समारंभ उरकला की मांडव काढायचा होता.

मार्टिनाचा दिवस उजाडला. नवी वाइन, भाजलेले बदक, लाल कोबी, अकॉर्डियन. खात्याच्या निरीक्षक द्रागोतिनाबाई छायाचित्र घ्यायला आल्या. झाड ठोकले गेले, टाळ्या पडल्या. आणि तेवढ्यात तेरेझिया मावशी घरातून निघाली. पायात चौकटीच्या लोकरी सपाता, हातात फडक्याखाली पोतित्सा, सणावाराला करतात तो सारण भरून गुंडाळलेला गोड पाव. लोकांकडे न बघता ती सरळ फळ्यांवर चढली.

द्रागोतिनाबाईंनी पेन उघडले. “साहेब, त्या आजी हा पूल वापरताहेत.”

“चालताहेत फक्त.”

“कोणी चाललं, की पूल पूर्ण झाला. एकोणीस सह्यांविना पूर्ण झाला तर आज पाडावा लागेल.”

हिंको धावला. आयुष्यात पहिल्यांदाच तो आपल्या अहवालातल्या एखाद्या गोष्टीवर उभा राहिला होता. त्याने भाऱ्यातले मूठभर गवत उपसले.

“मावशी, हे धर.”

“हातात पोतित्सा आहे ना, मेल्या!”

“काखेत धर.”

“गवत? रोझीच्या वाढदिवसाला? ती काय बकरी आहे?”

“धर गं, तुला सांगतो मागनं.”

मावशीने गवत काखेत धरले. हिंको निरीक्षकबाईंकडे वळला. “गवत वाळत घालायला निघाल्यात.”

द्रागोतिनाबाईंनी मावशीकडे पाहिले, सपातांकडे पाहिले. “पोतित्सा कसली?”

“अक्रोडाची.”

त्यांनी लिहिले: ‘मांडव. वापर नियमानुसार. काढण्याचे कारण दिसत नाही.’

पलीकडे रोझालिया उभी होती. दोन पावलांवरून ती सवयीने खच्चून ओरडली, “आलीस का गंऽऽ!”

“अगं हळू, बहिरी होईन. इथंच आहे मी.”

आज झालेसमध्ये पोस्टमन, पाद्री, शाळेची मुले, सगळे मूठभर गवत घेऊनच ओढा ओलांडतात. (तेच गवत. पलीकडचे लोक ते परत आणतात.) देशातली गवताची वाहतूक त्या वर्षी चार टक्क्यांनी वाढल्याचे अहवालात दिसते. आणि पान एक्केचाळीस, क्रमांक सतरा: पूल, प्रगतिपथावर.

वापरकर्ते मात्र अजून कमी पडतात. म्हणून हिंकोने ही हकीकत परक्या भाषांतही छापायला आनंदाने संमती दिली आहे. आपण ती इथवर वाचली आणि हरकत घेतली नाही. आपला क्रमांक पंचाहत्तर. येताना सपाता आणाव्यात, आणि पूल अजून का झाला नाही असे कोणी विचारलेच, तर उत्तर देण्याची जबाबदारी नियमानुसार वापरकर्त्याची आहे.