हिराकस आणि अर्धा कप कोरा चहा

सासऱ्यांच्या लिंबाच्या रोपाला हिराकस घालायचा असं मी ठरवलं, तेव्हा घरात सगळं ठीक चाललं होतं. म्हणजे, रोप सोडून.

हे रोप बाबांनी बी पेरून चार वर्षं वाढवलेलं. आठ दिवसांसाठी ते लेकीकडे गेले, तेव्हा पोटच्या मुलाला डावलून त्यांनी ते माझ्या हवाली केलं. "याचा काही भरवसा नाही, सूनबाई. तूच बघ." (लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. एवढा मान मला पदवी घेतानाही मिळाला नव्हता.) आणि सहाव्या दिवशी बघते तर पानं पिवळी! शिरा तेवढ्या हिरव्या. मी एक पान तोडून थेट नर्सरी गाठली.

नर्सरीवाल्या काकांनी पान उलटसुलट केलं आणि एक पुडी काढली. "लोह कमी पडलंय. हिराकस घाला. पाच लिटर पाण्यात एक छोटा चमचा."

"विषारी असतो का हो?"

"पोटात गेला तर हाल, डोळ्यात गेला तर जळजळ, फरशीवर सांडला तर तांबडे डाग. रोपाला मात्र संजीवनी."

त्या संध्याकाळी मी हिराकसाबद्दल मिळेल ते वाचलं आणि भारावून गेले. दिसायला फिकट हिरवे, बिचारे खडे. पण रक्त कमी असलेल्यांच्या गोळ्यांत हाच, गढूळ पाणी निवळायला हाच, शेवाळ मारायला हाच. एकच पदार्थ माणसाला उठवतो आणि शेवाळाला कायमचं झोपवतो! (मला एका वेळी दूध आणि फोन सांभाळता येत नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी हातमोजे, नाकाला रुमाल आणि डोळ्यांसाठी नवऱ्याचं हेल्मेट अशा थाटात मी गच्चीवर गेले. चमचाभर हिराकस आधी काचेच्या जगमध्ये विरघळवला, मग तो बादलीत ओतायचा होता. पाणी असं छान हिरवट झालं, की थेट सरबत! तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. माझा नवरा जगमध्ये दिसेल ते न विचारता पितो.

"अगं, सरबत केलंस? वा!"

मी दचकले. हे पाणी कुणाला प्यावंसं वाटता कामा नये, एवढं एकच डोक्यात. हाताशी माझा अर्धा कप गार झालेला कोरा चहा होता. तो मी जगमध्ये ओतला.

जग काळा झाला. गढूळ नाही, मातकट नाही, काळाकुट्ट! मी किंचाळले. जग सुटला. काळा लोंढा गच्चीभर धावला, पन्हळीतून खाली उतरला, आणि खालून ओळखीचा आवाज आला, "कोण आहे रे वर?"

बाबा. एक दिवस आधी. पांढऱ्या शर्टात.

ते वर आले, तेव्हा खांद्यापासून खिशापर्यंत काळे होते. मी हेल्मेटच्या आतून म्हणाले, "बाबा, मी रोपाचा जीव वाचवत होते."

"ते राहू दे. तुझ्या डोळ्यात नाही ना उडालं?" त्यांनी आधी हे विचारलं. (असा सासरा लाखात एक.) मग फरशीवरचं तळं, पुडी आणि चहाचा कप बघून त्यांचा चेहरा उजळला. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस! "हिराकस आणि चहा? अगं, ही तर शाई! पूर्वी अशीच करायचे."

"बाबा, शर्ट..." नवरा म्हणाला.

"शर्टाचं काय घेऊन बसलास! वाटी आण."

उरलीसुरली शाई त्यांनी वाटीत भरून घेतली. "सूनबाई, इतकी काळी शाई माझ्या एकाही विद्यार्थ्याची झाली नाही." मी हेल्मेटमध्ये मावेना. मग बादलीत नव्याने हिराकस कालवून त्यांनी स्वतःच्या हाताने रोपाला घातलं, एक काडी शाईत बुडवली, पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलं आणि तो रोपाला बांधला. माझं कौतुकच असणार, म्हणून मी हेल्मेट काढून वाचलं:

"पाणी कोणीही घालावे. सूनबाई वगळून."

"बाबा, हे पाण्याने पुसलं जाईल ना हो?"

"छे! ही शाई हवेने उलट पक्की होत जाते."

आज पंधरा दिवस झाले. नवी पानं हिरवीगार आली आहेत, आणि पुठ्ठ्यावरची अक्षरं रोज थोडी थोडी आणखी काळी होत आहेत.