रूथमावशी गोड बोलतात तेव्हा

लेंट लागला की आमच्या गल्लीतली पोरं रूथमावशींच्या भिंतीवर खडूनं स्टंप काढतात. एरवी त्या भिंतीला हात लावायची कुणाची टाप नसते.

सांगतो. येशू मरणातून उठला त्याचा सण म्हणजे ईस्टर. त्याच्या आधी ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ असतो, त्याला लेंट म्हणतात. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. रूथमावशी झापणं सोडतात. जन्मभर इथं भूमला दवाखान्यात नर्स होत्या. अर्ध्या गावाला इंजेक्शनं आणि पुऱ्या गावाला बोलणी त्यांनीच दिली. निवृत्त झाल्यावर इंजेक्शनं बंद झाली.

"डोकं हाय का दवाखान्यात काढून ठिवलंय?" हे त्यांचं 'कसं काय, बरं आहे ना' समजायचं. गावात ख्रिस्ती घरं दोन-चारच, त्यामुळं लेंट कधी लागतो हे कॅलेंडरात कुणी बघत नाही. मावशींच्या तोंडाला लवंगेचा वास आला, म्हणजे लागला. राग आला की त्या लवंग दाढेखाली धरून डोळे मिटतात. दूधवाल्याच्या वेळेला एका लवंगेत भागत नाही.

मी एकदा विचारलं, "मावशी, कशाला जिवाला एवढा त्रास?"

"अरे, प्रभूला मारलं, तोंडावर थुंकले, तरी त्यानं उलटून शब्द काढला न्हाय. मला काय सोसायचंय? पातळ दूध." मग दारात आलेल्या दूधवाल्याकडं बघून गोड हसल्या, "ईस्टर होऊ द्या, मग बोलू." तो बिचारा किटली विसरून गेला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी त्या खरंच घरोघर जातात. आधी केकचा तुकडा हातावर ठेवतात, तो खाऊन होईपर्यंत थांबतात, मग सुरू.

यंदा लेंटच्या तोंडावरच आमची आई न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. बार्शीला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, "रोज उभं करा, चालवा. नाहीतर कायमच्या अंथरुणाला खिळतील." आई म्हणाली, "मला न्हाय जमत," आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मी हातापाया पडलो. बायकोनं शिरा केला. आईनं शिरा खाल्ला, उठली नाही.

तरी मी निश्चिंत होतो. आईला आजवर गोळ्या गिळायला लावल्या, तापातून उठवून बसवलं, ते मावशींनीच. दोघी पोरवयापासूनच्या मैत्रिणी. मावशी रोज यायच्या, आईचा हात हातात घ्यायच्या आणि मऊ आवाजात म्हणायच्या, "हळूहळू जमंल हां बाई. घाई नको." मग डोळे मिटून प्रार्थना करायच्या. आईचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला.

शेवटी तिनं मला जवळ बोलावलं. "खरं सांग. डॉक्टर काय म्हणला?"

"चाला म्हणला."

"खोटं. रूथी एवढं गोड बोलतीया म्हणजे माझं काय खरं न्हाय. जाणाऱ्या माणसाशीच ती असं बोलायची दवाखान्यात, म्या बघितलंय."

"अगं, लेंट चाललाय त्यांचा."

"मला नगो शिकवू. लेंटातबी ती मला कधी सोडत न्हवती!" आणि तिनं पेटीतलं कोरं लुगडं वर काढून ठेवायला लावलं. उगाच शेवटच्या वेळेला शोधाशोध नको, म्हणाली. मला मात्र आता खरंच भीती वाटायला लागली. माझी आई चांगल्या वागणुकीपायी हातची जात होती.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मावशी आल्या. दारातच मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी लवंग दाढेखाली धरली आणि आत गेल्या. उशाशी कोरं लुगडं दिसलं. त्यांनी लवंग थुंकली.

"कुठं निघालीस गं नटून? मरणारी माणसं म्या जल्मभर बघितली, तुझ्यावानी वाटी पुसून शिरा खात न्हाईत ती! पाय मोडलाय का अक्कल? ऊठ! ऊठ म्हणते ना!"

बाहेरचं क्रिकेट थांबलं. आईच्या तोंडावर तरतरी आली. "वरडू नगं भवाने, उठतीया," म्हणत ती वॉकरला धरून उभी राहिली. कण्हत, मावशींना नावं ठेवत दारापर्यंत गेली आणि परत आली.

मावशी बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, आनंदानं.

"मोडला रे माझा उपास. दरसाल तिच्यापुरती सूट घ्यायची मी. यंदा तिच्या पायासाठी म्हणून कडक धरला होता. अन् सण उद्यावर आला तवा मोडला."

"देव रागवंल का हो?"

"रागवू दे. त्याला सांगितलं मी. म्हणलं, तू उद्या उठणार याची मला खात्री हाय, हिची न्हवती. अन् तुझ्याशी मी दिवसभर बोलते रे बाबा, पण मी सगळ्यांची सिस्टर न्हायतर मावशी. मला 'अगं रूथे' म्हणणारी आता ही एकटीच उरलीय."