मास्तरांचं मॅग्नेशियम

"मॅग्नेशियमबद्दल मला कोणी शिकवू नये! तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय!" निजामपुऱ्यातल्या घरात जनार्दनरावांनी बायकोला, निरुपमाबाईंना, ठणकावलं.

साल अठ्ठ्याण्णव. जनार्दनरावांना बारा वर्षांचा मधुमेह. पोटऱ्यांत गोळे यायला लागले म्हणून अलकापुरीतल्या डॉक्टर अवंतीने, त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीने, रक्त तपासलं. मॅग्नेशियम कमी!

"सर, मधुमेहात ते लघवीवाटे जातं. किडनीचा रिपोर्ट आला की गोळी ठरवू. तोवर डाळी, पालेभाजी खा."

पण वाट बघतील तर ते मास्तर कसले! घरात पोट साफ करायचं पांढरं औषध होतं. बाटलीवर चक्क मॅग्नेशियम! त्यांनी दिवसातून तीनदा चार-चार चमचे रिचवले.

दुसऱ्या दिवशी मास्तर संडासाकडे असे धावत होते, की जणू गाडी सुटतेय! सहाव्या फेरीला चप्पलही घातली नाही. तेवढ्यात शेजारच्या पूर्णिमाबेन दुधी घालून भाजलेला गुजराती हांडवो घेऊन आल्या आणि किंचाळल्या, "हाय हाय! लोही!"

फरशीवर रक्ताची पावलं! पूर्णिमाबेनना वाटलं, चोर शिरला. निरुपमाबाईंना वाटलं, पूर्णिमाबेननाच लागलं.

"अगं, कोणाला लागलंय?" आतून मास्तर ओरडले.

ते बाहेर आले, तर त्यांच्याच टाचेत कॅलेंडर टांगायची चूक रुतलेली! आणि त्यांना पत्ताच नाही!

तिघंही रिक्षाने अवंतीकडे. तिने चूक काढली, जखम धुतली.

"सर, डोळे मिटा. टोचलं की सांगा."

"अगं, टोच तरी!"

"तीनदा टोचलं, सर."

मास्तरांनी डोळे उघडून टाचेकडे पाहिलं.

"मधुमेहाने नसा बधिर झाल्यात. आज कळलं म्हणून बरं. जखम आत चिघळली असती, तर पाय गमवावा लागला असता. आणि ते औषध बंद! जुलाबात होतं-नव्हतं ते मॅग्नेशियमही गेलं!"

जनार्दनरावांचे डोळे भरून आले. "पूर्णिमाबेन, तुम्ही होतात म्हणून पाय राहिला," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

तेव्हापासून रोज तळपाय तपासायचे असतात. मास्तरांना वाकवत नाही. म्हणून सकाळी घरापुढच्या ओट्यावर ते खुर्चीत बसतात आणि निरुपमाबाई खाली बसून, चष्मा लावून, बोट न् बोट बघतात. ही बाई नसती तर आपलं काय झालं असतं, असं रोज त्यांच्या मनात येतं.

पूर्णिमाबेननी हे कुंपणापलीकडून पाहिलं आणि सोसायटीभर सांगितलं, "भाभी रोज सकाळी मास्तरांच्या पाया पडतात! आजच्या जमान्यात!"

"खरं काय ते सांगा की त्यांना!" निरुपमाबाई करवादल्या.

"सांगतो, सांगतो!" मास्तर म्हणाले.

त्याला आता चार महिने झाले; मास्तर अजून 'सांगतो'च म्हणतायत.