अमडापूरचं इजिप्त

आमच्या अमडापुरातून इजिप्तला जायला पायी वीस मिनिटं लागत. शाळेमागची मुरमाड टेकडी चढली की पोचलो. निदान इतिहासाचे इंगळे सर तरी असंच सांगायचे, आणि मी गणिताचा मास्तर त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसत असल्यानं मला ते रोज ऐकावं लागे.

नाईलच्या पश्चिमेला अशीच एक ठेंगणी टेकडी आहे म्हणे, कुर्नेत मुराई. तिच्या पोटात फेरोच्या अधिकाऱ्यांच्या कबरी, भोवती देवळं, कारागिरांची वस्ती. सरांनी ते सगळं आमच्याकडे आणून बसवलं होतं. पाण्याची टाकी म्हणजे मेम्नॉनचा पुतळा, सरपंचांचा गोठा म्हणजे राजाचं देऊळ. सरपंच त्यावर खूश असत. सर स्वतः कधी भुसावळच्या पुढे गेले नव्हते.

उतारावरच्या एका पळसाखाली मात्र ते पोरांना बसू देत नसत. तिथं राजकन्या झोपली आहे म्हणायचे. मी चिडवायचो, सर, तिकडच्या कबरी तर चोरांनी केव्हाच फोडल्या. त्यांचं उत्तर ठरलेलं: "फोडू द्या ना. भिंतीवर नाव राह्यलं ना? नाव राह्यलं की मानूस राह्यला."

सर निवृत्त झाले आणि नव्या रस्त्याच्या मुरमासाठी टेकडी खोदायला काढली. सरांनी तहसिलीत अर्ज दिला, सोबत इजिप्तचा नकाशा जोडला. त्याची झेरॉक्स मीच काढून दिली, आणि सगळ्यांत जास्त मीच हसलो.

पोकलेन पळसापाशी आलं तेव्हा सर छत्री घेऊन आडवे उभे राहिले. मी त्यांना हाताला धरून बाजूला करायला गेलो. ड्रायव्हरनं खाली उतरून नीट विचारलं, काका, काय आहे इथं?

"माही पोर हाय," सर म्हणाले. "आठव्या दिवशी गेली."

दात न आलेलं लेकरू आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. मी मूर्खासारखं तिचं नाव विचारलं.

"बारसं कुठं झालं होतं, सर?" ते मलाच म्हणाले.

ड्रायव्हरनं त्या दिवशी यंत्र वळवलं. दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर आला.

आता टेकडी नाही; टिपर भरभरून तिचा सगळा मुरूम रस्त्यात गेला. नव्या रस्त्यावरून सर चपला हातात घेऊन चालतात. पोरं हसतात. परवा भर उन्हात त्यांचे पाय पाहून माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, निदान कडेकडेनं तरी चपला घालून चाला.

"कोन्या टिपरात गेली, मले काय मालूम?" ते म्हणाले. "पाय कुठं ठेवू, तुमीच सांगा."